आजोबांचा पाइप



आमच्या परिचयातील एका मराठी कुटुंबात गेल्या पावसाळ्यात दोन सख्ख्या भावांत अबोला आला. कारण ऐकाल तर नवल वाटेल. दिवंगत आजोबा बडोद्यास रेल्वेत नोकरीस होते. त्यांच्या ट्रंकेत एक पाइप सापडला. लाकडी वाटी, रुप्याचे वळे आणि मधासारखे पिवळे तोंड. दारावर आलेल्या एका फिरत्या व्यापाऱ्याने सांगितले, ‘हा सुरतेच्या इंग्रज वखारीच्या काळचा, तोंड अस्सल केरब्याचे, जपून ठेवा, मोठी किंमत येईल.’ झाले! वस्तू तीच राहिली, पण घर बदलले. वाटणी कशी करावी, हे विचारण्यासाठी दोघे वेगवेगळ्या दिवशी आमच्याकडे आले. आम्ही म्हटले, वाटणी मागाहून. आधी वस्तूलाच तिचे वय विचारू.

जुन्या पाइपचे वय त्याच्या द्रव्यावरून बरेचसे कळते; कारण प्रत्येक द्रव्याचा उदयकाळ असतो, आणि त्याआधीची ती वस्तू असू शकत नाही.

तंबाखू आपल्या देशी पोर्तुगीजांबरोबर आली. अकबर बादशहाच्या अखेरच्या वर्षांत असद बेगने ती विजापुराहून दरबारी नेली. 1616 साली हिंदुस्थानात आलेला इंग्रज धर्मोपदेशक एडवर्ड टेरी याने येथील लोक मातीच्या लहान भांड्यात पाणी घालून नळीने धूर ओढतात, असे वर्णन लिहून ठेवले आहे. तोच आपला हुक्का. त्याचे बूड कोठे नारळाच्या करवंटीचे, तर धनिकांकडे बिदरीचे असे. बिदरी म्हणजे जस्तात थोडे तांबे मिसळलेली धातू. बिदरच्या किल्ल्यातील क्षारयुक्त मातीने ती काळी होते, पण तिच्यात जडविलेले रुपे मात्र पांढरेच राहते.

त्या काळी सुरतेच्या वखारीतील इंग्रजाच्या तोंडी पाइप असलाच, तर तो पांढऱ्या भाजलेल्या मातीचा असणार. असे पाइप सहज फुटत, म्हणून त्यांचे तुकडे पुरातत्त्वज्ञांना ढिगांनी सापडतात. हॅरिंग्टन नावाच्या अमेरिकन संशोधकाने 1954 साली दाखवून दिले की, नळीचे भोक काळाबरोबर लहान होत गेले. 1620 ते 1650 या काळात ते बहुधा इंचाचा 8/64 भाग असे, तर 1750 ते 1800 मध्ये 4/64. मात्र हे गणित अनेक तुकड्यांच्या सरासरीस लागू पडते, एकट्या तुकड्यास नव्हे.

पुढे तुर्कस्तानातील एस्कीशेहिरच्या हलक्या पांढऱ्या दगडाचे कोरीव पाइप युरोपात मान्यता पावले. त्या दगडाच्या जर्मन नावाचा अर्थ ‘समुद्रफेस’ असा आहे. परंतु आपल्या किनाऱ्यावर ज्यास समुद्रफेस म्हणतात, ते माकुलाचे हाड निराळे. हा दगड वापराने हळूहळू पिवळा, मग तपकिरी होतो.

आणि लाकडी पाइप? त्यास लागणारे ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळावरील कठीण गाठ. ती लवकर जळत नाही. फ्रान्समधील सेंट क्लोद गावी 1850 च्या सुमारास तिचे पाइप होऊ लागले. आमच्या बंधूंचा पाइप ब्रायरचाच होता. अर्थात व्यापाऱ्याची सुरतेची वखार येथेच कोसळली!

उरले तोंड. पाइप थंड असता ते हळुवार पिळून वेगळे केले. एका पेल्यात, विरघळायचे थांबेपर्यंत मीठ घातले आणि तोंड त्यात सोडले. केरबा अशा पाण्यात तरंगतो. हे तोंड तळाशी गेले. तरंगणारी प्रत्येक वस्तू केरबा नसते. पण बुडाली ती केरबा नव्हे, हे निश्चित. रंगरूपावरून ते बेकेलाइट दिसले, आणि त्याचा शोध 1907 चा. तोंड पुढे बदललेले असू शकते, म्हणून एवढ्यावर निकाल देणे बरे नव्हे. आम्ही भिंग घेऊन वळे पाहिले. त्यावर बर्मिंगहॅमच्या रुपे-तपासणीचा नांगर आणि वर्ष दर्शविणारे अक्षर होते. तक्त्याशी ताडता ते 1920 नंतरचे निघाले. तोंड व वळे यांची साक्ष जुळली. आजोबांच्या तारुण्यातील बाजारी पाइप, एवढेच.

वाचकांच्या घरी अशी वस्तू असल्यास ती घासूनपुसून चकचकीत करू नये; डाग आणि खुणा हीच तिची साक्ष. तोंड हस्तिदंताचे असेल, तर त्याची विक्री कायद्याने बंद आहे, हे ध्यानी असावे. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू 1972 च्या कायद्यान्वये खाजगी व्यक्तीस परदेशी पाठविता येत नाही. आणि किंमत सांगणाराच खरेदी करू इच्छीत असेल, तर त्याचे मत शेवटी ऐकावे. बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठात पुरातत्त्व विभाग आहे. जाणत्यास विचारण्यात कमीपणा नाही.

निकाल ऐकून दोघे भाऊ प्रथम खिन्न झाले. मग धाकटा म्हणाला, ‘रात्रपाळीहून येऊन बाबा ओट्यावर बसत, तेव्हा हाच हाती असे.’ थोरला म्हणाला, ‘आणि तू त्यांच्या मांडीवर झोपत असस.’ किंमत गेली तेव्हा कोठे आजोबा परत आले! पाइप आता थोरल्याच्या घरी फोटोखाली आहे, पुढल्या वर्षी धाकट्याकडे जाईल.

तो कोणी पेटवीत नाही, हे उत्तमच. चरोतरातील तंबाखूची शेते दिसावयास हिरवीगार असली, तरी त्या पिकाने किती घरांतील माणसे अकाली नेली, हे आम्ही अंत्यविधीच्या वेळी पाहिले आहे. आजोबांचा पाइप जपावा. त्यांचा खोकला वारशाने घेऊ नये.