अलार्म कंपनीचं सर्टिफिकेट सीमेपलीकडे चालतं का?

युरोपात चोरीचा अलार्म बसवणाऱ्या कंपन्यांची एक जुनी तक्रार आहे. एका देशात ऑडिट झालं तरी शेजारच्या देशात काम घेताना ते पुन्हा करा, पुन्हा फी भरा. मोठी कंपनी हा खर्च पचवते, पाच-सहा माणसांच्या कंपनीला तो जड जातो. म्हणून 'एकच सर्टिफिकेट, सगळ्या देशांत' ही मागणी सतत होत असते. मागणी रास्त आहे, पण मग ती अडते कुठे?

नियम तर एकच आहेत

ईएन ५०१३१ हे युरोपचं सामाईक मानक. त्यात अलार्मच्या चार ग्रेड आहेत आणि त्या ठरतात चोर किती तयारीचा असेल यावरून. ग्रेड १ म्हणजे अलार्मची फारशी माहिती नसलेला चोर, ग्रेड ४ म्हणजे पूर्ण प्लॅन करून, सगळी साधनं घेऊन येणारा. मॉनिटरिंग सेंटरसाठी ईएन ५०५१८ आहे. २०१७ मध्ये ईएन १६७६३ आलं. ते यंत्राबद्दल नाही, तर डिझाइन करणाऱ्या, बसवणाऱ्या आणि देखभाल करणाऱ्या कंपनीबद्दल आहे. ब्रेक्झिटनंतरही ब्रिटनची मानक संस्था युरोपच्या मानक संघटनांत आहे, म्हणजे कागदावर तिथेही हेच नियम.

तरीही जर्मनीत व्हीडीएसचे ए, बी, सी असे वर्ग चालतात आणि फ्रान्समध्ये एनएफए२पीच्या ढाली. हा नुसता हट्ट नाही. व्हीडीएस ही जर्मन विमा कंपन्यांच्या संघटनेची संस्था आहे. चोरी झाल्यावर ज्यांच्या खिशातून पैसे जाणार, ते आपल्या ओळखीच्या शिक्क्यावरच विश्वास ठेवणार.

अलार्म वाजल्यावर कोण येतं?

खरी गोम इथे आहे. ब्रिटनमध्ये अलार्म बसवायला सरकारी लायसन्स लागत नाही. पण वाजल्यावर पोलिसांनी थेट निघावं असं वाटत असेल, तर त्या जागेसाठी पोलिसांकडून युआरएन नावाचा नंबर घ्यावा लागतो. तो मिळवायला कंपनीकडे एनएसआय किंवा एसएसएआयबीसारख्या मान्यताप्राप्त संस्थेचं सर्टिफिकेट हवं. शिवाय बारा महिन्यांत तीन खोटे कॉल गेले की पोलीस त्या जागेचा प्रतिसाद काढून घेऊ शकतात. म्हणजे सर्टिफिकेटला वजन आहे ते पोलिसांमुळे.

आयर्लंडमध्ये उलट. तिथे २००४ च्या कायद्याने प्रायव्हेट सिक्युरिटी अथॉरिटी नेमली आणि तिचं लायसन्स नसताना अलार्म बसवणं हा गुन्हा आहे. एसएसएआयबी दोन्हीकडे ऑडिट करते. तरी उत्तर आयर्लंडमधल्या न्यूरीच्या कंपनीला सीमा ओलांडून डंडॉकमध्ये काम करायचं तर आयर्लंडचं लायसन्स वेगळं काढावंच लागतं. ऑडिट करणारी संस्था एक, मानक एक, तरी परवानगी वेगळी.

सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर कोड दोन्ही सर्व्हरवर चालतो, पण रात्री दोनला एरर आली तर फोन कोण उचलणार, हे प्रत्येक सर्व्हरवर वेगळं ठरलेलं आहे.

मग वाढवायचं काय?

माझ्या मते सर्टिफिकेटच्या आधी रेकॉर्ड सीमेपलीकडे जायला हवं. एकदा झालेलं ऑडिट शेजारच्या देशाने मान्य करावं, म्हणजे छोट्या कंपनीचा दुहेरी खर्च वाचेल. शेवटची परवानगी मात्र तिथल्याच पोलिसांकडे किंवा नियामकाकडे राहू द्यावी. आणि एका देशात कंपनीचं सर्टिफिकेट रद्द झालं, तर ते दुसऱ्या देशाला लगेच कळायला हवं. हे न करता नुसता शिक्का पसरवला, तर चांगल्या कंपनीबरोबर कामचुकार कंपनीही आरामात सीमा ओलांडेल. आणि अलार्म वाजूनही कुणी आलं नाही, तर नुकसान घरमालकाचं.

आपल्याकडेही हा प्रश्न दारात आहे. एप्रिल २०२५ पासून भारतात सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेची चाचणी सक्तीची झाली. चांगलंच झालं. पण ती चाचणी कॅमेऱ्याची आहे. तो भिंतीवर लावणाऱ्याने कोणता पासवर्ड ठेवला आणि तो आणखी कुणाकुणाला माहीत आहे, हे त्यात कळत नाही. म्हणून कॅमेरा घेताना बॉक्सवरचा शिक्का बघाच, पण बसवणाऱ्यालाही विचारा: बिघाड झाला तर येणार कोण, आणि किती वेळात?