वाघ टिपेश्वरचा, कमाई कोणाची?

विद्या बालनचा ‘शेरनी’ २०२१ मध्ये आला, तेव्हा त्यातली गोष्ट यवतमाळकरांना समजावून सांगावी लागली नाही. राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका असलेली टी-१ वाघीण, म्हणजेच अवनी, २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटी परिसरात मारली गेली होती. सिनेमा पाहताना प्रत्येकाला तीच आठवली. चित्रीकरण मात्र मध्य प्रदेशात झाले. गाड्या, खानावळी, रोजंदारी यांचा पैसाही तिकडेच फिरला.

वाघाच्या नावावर पैसा उभा राहतो, पण वाघ सोसणाऱ्या गावांपर्यंत तो फारसा पोचत नाही, हे दुखणे पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्याचेही आहे.

हे अभयारण्य जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचे. इथले तरुण वाघ जागा शोधत बाहेर पडतात. २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावलेला ‘वॉकर’ तेलंगणाची हद्द ओलांडून, शेते-रस्ते तुडवत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. एवढ्याशा जंगलात जिप्सी तरी किती सोडणार? पावसाळ्यात तर सफारी बंदच. म्हणून नवी रिसॉर्टे उठवून पर्यटन वाढवण्याचा हिशेब इथे फार लांब जात नाही.

वॉटर पार्कसारख्या मोठ्या प्रकल्पाची स्वप्नेही जपूनच पाहावीत. खोपोलीचे इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झाले. मुंबई-पुण्यासारखी गिऱ्हाइके दोन्ही हातांना असूनही कर्जाने ते वाकले आणि २०२२ मध्ये मालपाणी समूहाकडे गेले. पाळणे फिरोत वा न फिरोत, व्याज चुकत नाही. यवतमाळला तर शेजारी मुंबई नाही.

मग उरते काय? वस्तू. डिस्नेने पहिले उद्यान १९५५ मध्ये उघडले, पण मिकी माऊसचे घड्याळ बाजारात आले ते १९३३ मध्येच. चित्राचा हक्क कंपनीने स्वतःकडे ठेवला, घड्याळे दुसऱ्याने बनवली आणि कंपनीला हक्काचे पैसे मिळत राहिले.

टिपेश्वरच्या गावांनी असा हक्क स्वतःकडे घ्यायला हवा. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यात संघटनेला सामूहिक चिन्ह नोंदवता येते. अभयारण्याकाठच्या ग्राम परिस्थितीकीय विकास समित्या आणि महिला बचत गटांचा संघ करून टिपेश्वरचे एक चिन्ह नोंदवावे, आणि ते छापायचे तर संघाची परवानगी व ठरलेला वाटा, असा नियम घालावा. रिसॉर्टवाल्यालाही तो लागू असावा.

माल इथेच आहे. कापूस या मातीतला; यवतमाळच्या लोहारा औद्योगिक वसाहतीत डेनिमचा कारखाना आहे. बांबूकामाचे हात बुरडांकडे आहेत, कोलाम आदिवासींच्या पोडांवर आहेत. त्यांना नव्या घडणीचे शिक्षण द्यायला शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात चिचपल्लीचे बांबू केंद्र आहे. विक्रीसाठी नागपूर-हैदराबाद महामार्ग पांढरकवड्यावरूनच जातो. केळापूरच्या जगदंबेला येणारी गर्दी वेगळीच. सफारी बंद असली तरी हा रस्ता वाहतो. आणि टोपल्या-पिशव्या वाढल्या म्हणून जंगलात एकही जिप्सी जास्त जात नाही.

एक पथ्य मात्र पाळलेच पाहिजे. अवनीचे नाव कोणत्याही टी-शर्टवर येऊ नये. ज्या घरांतली माणसे गेली, त्यांच्या दारावरून ते नाव मिरवत नेणे क्रूरपणाचे होईल. वॉकरची वाट छापावी, सागाचे पान छापावे.

वाट्याच्या पैशाचा पहिला मानकरी कोण, हेही आधीच लिहून ठेवावे. वाघाने गाय मारली की सरकारी भरपाई मिळते, पण ती हाती येईपर्यंत त्या घरचे दूध आटते, हप्ता थकतो. गावच्या समितीने या वाट्यातून पंचनाम्याच्याच दिवशी त्या घराला उचल द्यावी. वनखात्याने येत्या हंगामाआधी या गावांची बैठक बोलवावी आणि चिन्हाच्या नोंदणीचा अर्ज तिथेच भरून घ्यावा.