ट्रॉयला होमरची साक्ष लागत नाही

हाइनरिश श्लीमानने 1870च्या दशकात तुर्कस्तानातली हिसार्लिकची टेकडी खणली आणि होमरचा शब्द न् शब्द खरा ठरला, असे आजही छातीठोकपणे लिहिले जाते. उलट बाजूला, घोडा खोटा, हेलन खोटी, म्हणून वेढाही खोटा, असा निकाल देणारेही कमी नाहीत. मला दोन्ही पक्ष अमान्य आहेत. दोघेही ट्रॉयचा न्याय काव्यावरून करतात आणि जमिनीत काय निघाले ते विचारतच नाहीत.

श्लीमानचा पक्ष आधी घेऊ. 1873 साली त्याला सोन्याचा साठा सापडला आणि ‘प्रायमचा खजिना’ म्हणून त्याने तो गाजवला. पण तो साठा ज्या थरातला, तो थर ग्रीक परंपरा सांगते त्या युद्धाहून हजारावर वर्षांनी जुना. काव्यातल्या ट्रॉयच्या राजाशी, प्रायमशी, त्याचा काडीचाही संबंध नाही. शिवाय होमरचे ट्रॉय तळाशीच असणार या हट्टापायी त्याने टेकडीतून भलामोठा चर काढला आणि वरचे थर उपसून टाकले. ज्या काळाच्या शोधात तो आला होता, त्याच काळाच्या अवशेषांवर त्याची कुदळ चालली. जागा दाखवली होती फ्रँक कॅल्व्हर्टने; टेकडीचा काही भाग त्याच्या मालकीचा होता आणि श्लीमानच्या आधी त्याने तिथे खोदकामही केले होते. त्याचे श्रेय झाकले गेले, हा उघड अन्याय आहे.

आता दुसरा पक्ष. घोडा ‘इलियड’मध्ये नाहीच, ते काव्य हेक्टरच्या अंत्यविधीपाशी थांबते. घोडा येतो ‘ओडिसी’त, आणि पुढे व्हर्जिलने तो रंगवला. तेव्हा घोडा उडवून लावला म्हणजे वेढाही उडाला, हा तर्क टिकत नाही.

मग उरते काय? पुष्कळ उरते. पुरातत्त्वज्ञ कार्ल ब्लेगनने 1932 ते 1938 या काळात याच टेकडीवर केलेल्या उत्खननात तटाच्या आत एकमेकांना खेटलेली लहान लहान घरे निघाली. घराघरांतून जमिनीत तोंडापर्यंत पुरलेले मोठाले रांजण होते, वर दगडी झाकणे. रांजण असा पुरला की वरून चालता येते आणि अडचणीच्या जागेतही धान्य भरून ठेवता येते. ही वस्ती इ.स.पू. 1180च्या सुमारास जळाली. राखेत माणसांची हाडेही मिळाली. जाळणारे ग्रीकच होते, हे यातून सिद्ध होत नाही, आणि तसे भासवूही नये. भेदरलेले, कोंडलेले गाव मात्र मला त्यात स्पष्ट दिसते.

याहून भक्कम पुरावा आनातोलियातल्या हित्ती साम्राज्याची राजधानी हत्तुशा इथल्या मातीच्या पाट्यांत आहे. त्यांतला विलुसा म्हणजे ट्रॉय आणि अहियावा म्हणजे ग्रीकांचे राज्य, हे आज बहुतेक अभ्यासक मानतात. इ.स.पू. तेराव्या शतकात एका हित्ती राजाने अहियावाच्या राजाला लिहिलेल्या पत्रात विलुसावरून झालेल्या वादाचा उल्लेख येतो. माझे म्हणणे असे की दहा वर्षांचा एकच वेढा शोधत बसू नये. दोन-तीन पिढ्यांची चकमक, जाळपोळ आणि तडजोड गायकांनी एका युद्धात गोवली. आणि ट्रॉय हे ग्रीकांच्या पराक्रमाचे नुसते नेपथ्य नव्हते. हित्ती राजा मुवातल्लीने विलुसाच्या अलक्सांडूशी रीतसर तह केला, त्यात विलुसाच्या देवांना साक्षीला बोलावले. होमरच्या निदान चार-पाच शतके आधी.