पिकअपच्या केबिनमध्ये काय अंथरावे?



गेल्या वेळी टायरविषयी लिहिले होते. ते वाचून एका ताईंनी निरोप धाडला, "आमच्या ह्यांनी हप्त्यावर पिकअप घेतली आहे. सीट-कव्हर झाले, आता केबिनमध्ये खाली काय टाकावे ते लिहा." प्रश्न साधा दिसतो, पण त्यावरून आमच्या घरचाच अनुभव आठवला, तो आधी सांगतो.

आमचे दाजी, म्हणजे धाकट्या बहिणीचे यजमान, भाऊच्या धक्क्यावरून मासळी वाहतात. ऐन श्रावणात एकदा त्यांच्या शेजारी बसून गेलो. पाय ठेवला तर खालून पचपच आवाज आला. वर रबरी मॅट कोरडी होती, पण ती उचलली तर खाली गोणपाट, त्याखाली पुठ्ठा आणि त्याखाली काळे पाणी. "दादा, माल मागं असतो, पुढं कोण बघतंय!" दाजी हसत म्हणाले. मी पेचकसाच्या मुठीने पत्रा ठोकून पाहिला. एका जागी पत्राच आत गेला आणि खाली रस्ता दिसला. गाडीचे हप्ते अजून चालू होते. पत्रा कापून नवीन तुकडा वेल्ड करायला गाडी दोन दिवस उभी राहिली, म्हणजे खर्च झाला तो झाला आणि दोन दिवसांची भाडीही गेली. पासिंगला निघाले असते तर तिथेही अडले असते. आठ वर्षांनंतर तर मालवाहू गाडीला दर वर्षी पासिंग लागते, हे नवीन गाडीवाल्यांनी आजच लक्षात ठेवावे.

असे का झाले? धक्क्यावरच्या बुटांना खारे पाणी लागलेले असते, आणि मिठाच्या पाण्याने लोखंड साध्या पाण्यापेक्षा फार लवकर गंजते. गोणपाट ते पाणी धरून ठेवते. वरची मॅट त्याला वाळू देत नाही. म्हणजे गाडी जपण्यासाठी जे टाकले, त्यानेच गाडी खाल्ली.

म्हणून पहिली गोष्ट, मॅट घेण्याआधी जुने सगळे काढून पत्रा बघा. वर कोरडे आणि खाली ओले असेल तर पाणी बुटांतून आलेले नाही, कुठून तरी गळते आहे. दरवाजाचे रबर फाटले आहे का, काचेच्या रबरातून ओघळ येतो का, दरवाजाच्या तळाची पाणी निघायची भोके चिखलाने बुजली आहेत का, वायर जिथून इंजिनाकडे जाते तिथला रबरी बूच जागेवर आहे का, हे पाहावे. एसीची गाडी असेल आणि शेजारच्या सीटपुढे पाणी साचत असेल तर एसीची नळी तुंबलेली असू शकते. गळती बंद न करता भारी मॅट टाकणे म्हणजे ओल्या भिंतीला रंग देण्यासारखे आहे. गंज तारेच्या ब्रशने खरवडून, रेड ऑक्साइड मारून, वर रंग द्यावा आणि पुरता वाळू द्यावा.

आता कोणती मॅट घ्यावी? बाजारात गेलात की दुकानदार आधी चामड्यासारखी दिसणारी, शिवणीची मॅट दाखवील. तिला सेव्हन-डी म्हणतात. दिसायला झकास असते. पण आत फोम असतो, शिवणीतून पाणी शिरले की तो आठवडाभर वाळत नाही. लग्नाच्या वरातीला जाणाऱ्या मोटारीला ती शोभेल, कांदा-टोमॅटो वाहणाऱ्या गाडीला नाही. नूडलसारख्या जाळीची मॅट धूळ छान धरते, पण चिखल आत अडकतो आणि पाणी खाली झिरपते. काथ्याच्या मॅटचेही तेच.

रोजच्या कामाला दोनच चांगल्या. एक, जाड रबर. ते जड असते, जागेवर बसते, थंडीत ताठ होत नाही. मात्र साध्या रबरावर डिझेल किंवा ऑइल सांडत राहिले तर ते फुगते आणि मऊ पडते. जे स्वतः इंजिनाचे काम करून तेलकट बुटांनी चढतात त्यांनी दुसरी घ्यावी, ती म्हणजे विनाइलचे आवरण. ते रोलमधून फुटावर कापून मिळते. स्वस्त असते, ओल्या फडक्याने पुसले की काम झाले. पण हलक्या प्रतीचे विनाइल उन्हाने कडक होऊन चिरते. दुकानात कोपरा दुमडून बघावा, घडीवर पांढरी रेघ उमटली तर घेऊ नये. काठ उंच असलेले साच्यातले ट्रे मिळतात, त्यांत पाणी साचून राहते, पत्र्यावर जात नाही. आपल्याच मॉडेलचा ट्रे मिळत असेल आणि ऐपत असेल तर जरूर घ्यावा. दुसऱ्या गाडीचा घेऊन कापाकापी करू नये.

हे शेवटचे वाक्य गंभीरपणे लिहितो आहे. 2009 साली अमेरिकेत सॅन डिएगोजवळ एका लेक्सस मोटारीत दुसऱ्या मॉडेलची रबरी मॅट टाकली होती. तिच्यात ॲक्सिलरेटर अडकला, गाडी थांबली नाही आणि एका कुटुंबातली चार माणसे गेली. त्यानंतर टोयोटाने मॅटच्या कारणावरून तिथे लाखो गाड्या परत बोलावल्या. आपल्याकडे तर धुलाईवाल्याने टाकलेला कागद, त्यावर पुठ्ठा, त्यावर मॅट असे थर असतात. एकावर एक मॅट कधीही टाकू नये. ॲक्सिलरेटरभोवती चार बोटे जागा मोकळी सोडावी. इंजिन बंद ठेवून तिन्ही पेडल तळापर्यंत दाबून बघावेत. ॲक्सिलरेटर आपोआप वर आला पाहिजे, ब्रेकखाली मॅटची कड आली नाही पाहिजे. पाण्याची बाटली पायाजवळ ठेवायची सवयही सोडावी.

विनाइल बसवायचे तर आधी वर्तमानपत्राचे कागद चिकटवून केबिनच्या तळाचा नमुना कापावा, मग तो विनाइलवर ठेवून खडूने आखावे. स्क्रू ठोकून बसवू नये. भोकातून गंज सुरू होतो आणि खाली नळी किंवा वायर असली तर आणखी पंचाईत. छोटा हत्तीसारख्या, सीटखाली इंजिन असलेल्या गाडीत सीट उचलायची जागा मोकळीच ठेवावी, नाहीतर मिस्त्री पहिल्याच दिवशी ब्लेड चालवील.

पुसायला साबणाचे पाणी पुरे. टायरचे पॉलिश मॅटला लावू नये, बूट घसरतो. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी, मॅट काढून उन्हात टाकावी आणि दोन्ही दरवाजे तासभर उघडे ठेवावेत.

दाजींनी आता एकच जाड रबरी मॅट ठेवली आहे आणि धक्क्यावरून निघताना बूट गोड्या पाण्याने धुतात. कापून उरलेला तुकडा बहिणीने मोरीपुढे टाकला आहे.