ऑपरेशन आणि ‘पॉवरची’ सुई

सुगी आटोपली, हातात चार पैसे आले, की राहून गेलेली दुखणी आठवतात. कुणाचा हर्निया, कुणाची गाठ, कुणाची पिशवी. मग गाडी नांदेड नाहीतर लातूरच्या वाटेला लागते. कुणी विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात जाते, कुणी खाजगीत. बरोबरचा माणूस डॉक्टरांना हमखास म्हणतो, “साहेब, पैशाकडे बघू नका. चांगली पॉवरची सुई द्या, आठ दिवस चालू ठेवा.”

मंडळी, यातली माया खरी. मागणी मात्र चुकीची.

प्रतिजैविक, म्हणजे आपण ज्याला अँटिबायोटिक म्हणतो, ते जखम भरून आणत नाही. जखम शरीरच भरते. कातडी कापताना जे जंतू आत शिरतात, त्यांना मारणे एवढेच या औषधाचे काम. त्यासाठी चिरा पडण्याआधीच ते रक्तामांसात पोचलेले हवे. म्हणून ही सुई बहुधा ऑपरेशनच्या आधी तासाभरात देतात. ऑपरेशन फार लांबले किंवा रक्त फार गेले, तर पुन्हा एकदा देतात. निव्वळ प्रतिबंधाचे औषध ऑपरेशननंतर लांबवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली सांगितले आहे. बियाण्याला औषध पेरणीआधी चोळायचे असते; पीक गुडघ्याला आल्यावर बीजप्रक्रिया कोण करतो?

अपेंडिक्स फुटले, पोटात पू झाला, तर गोष्ट वेगळी. तिथे ते औषध प्रतिबंधाचे नसून उपचाराचे असते. डॉक्टर सांगतील तितके दिवस घ्यावे. ताप उतरला म्हणून मध्येच सोडू नये.

गरज नसताना घेतलेल्या औषधाने जुलाब लागतात, पैसा जातो आणि जंतू निर्ढावतात. कपाशीवर तेच ते औषध फवारले की अळी दाद देत नाही, हे आपण भोगले आहे. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंग साहेबांनी १९४५ सालीच हा इशारा दिला होता. पुढे आपल्या पिंपरीतही पेनिसिलिन तयार होऊ लागले. त्याला एकेकाळी सहज मरणारे कितीतरी जंतू आज त्याला जुमानत नाहीत.

तेव्हा ऑपरेशन ठरले की एवढे करा. डॉक्टरांना विचारा, “हे औषध प्रतिबंधाचे की उपचाराचे? किती दिवसांचे?” पूर्वी एखाद्या सुईने अंगावर पित्त उठले असेल, धाप लागली असेल, तर आधीच सांगा. आदल्या रात्री घरी वस्तऱ्याने केस काढू नका. बारीक कापले जाऊन तिथेच जंतू घर करतात. साबणाने स्वच्छ आंघोळ करा. तंबाखू-बिडी महिनाभर आधी सोडा. साखरेचा आजार असेल तर साखर आटोक्यात आणा.

घरी आल्यावर टाक्यांवर हळद, राख, कसलाही पाला लावू नका. जखम लाल झाली, पू आला, ताप भरला, तर मेडिकलवरून परस्पर गोळ्या न आणता ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडे जा. ज्या पाकिटावर उभी लाल रेघ आहे, ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचे नसते. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नका आणि गोठ्यातल्या शेळीलाही नको.

आज जपून वापरलेले औषध उद्या आपल्याच लेकराच्या उपयोगी पडेल.