जोर खाली पाहिजे की वर?

नटबोल्ट : दर रविवारी
मिस्त्री

सायलेन्सर बदलून झाला, एअर फिल्टर बदलून झाला, स्टिकर लावून झाले, की गाडीच्या नादी लागलेल्या पोराची नजर हेडकडे वळते. टाकीवर कोपर टेकवून तो विचारतो, “भाऊ, कॅमचं टायमिंग थोडं हलवून पाहा ना, वरती अजून सुटली पाहिजे.” वरती म्हणजे आठ-नऊ हजार आरपीएमला. मिस्त्री शहाणा असला तर उलट विचारतो, “पण तू चालवतो कुठं बे?” उत्तर ठरलेलं असतं. वर्धा ते सेलू, सेलू ते वर्धा, आणि मागे एक जण बसलेला.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्या जिल्ह्यात ज्याला गाडी रोज वापरायची आहे, त्याला जोर खाली लागतो. कॅम हलवून तो वर नेणं म्हणजे कामाच्या जागेवरून उचलून बिनकामाच्या जागी ठेवणं.

कारण टायमिंग हलवल्याने जोर पैदा होत नाही, त्याची जागा बदलते. हेडमधला कॅमशाफ्ट क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा फिरतो आणि आपल्या उंचवट्यांनी व्हॉल्व्ह उघडतो. व्हॉल्व्ह किती उचलायचा, किती वेळ उघडा ठेवायचा, हे त्या उंचवट्याच्या आकारातच ठरलेलं असतं. टायमिंग हलवताना आकार तोच राहतो, फक्त अख्खा शाफ्ट क्रँकच्या मानाने थोडा पुढे किंवा मागे बसवायचा असतो. यात कळीचा क्षण इनटेक व्हॉल्व्ह मिटण्याचा. पिस्टन तळाला जाऊन वर निघतो, तरी हा व्हॉल्व्ह लगेच मिटत नाही. क्रँक आणखी चाळीस-साठ अंश फिरेपर्यंत तो उघडाच असतो, आणि तो मुद्दाम तसा ठेवलेला असतो.

दिवाळीच्या आदल्या दिवशी वर्ध्याच्या स्टँडवर एसटी लागते तेव्हा पाहा. मागून रेटा असला तर कंडक्टरने दार उशिरा लावलेलं बरं, चार माणसं जास्त आत शिरतात. रेटा नसला आणि आतलेच लोक मागे सरकत असले, तर तेच उघडं दार दोघांना बाहेर सांडतं. हवेचंही हेच. आठ हजार आरपीएमला आत येणाऱ्या हवेला एवढा वेग असतो, की पिस्टन वर येत असतानाही ती घुसत राहते. अडीच हजाराला तो रेटा नसतो, म्हणून वर येणारा पिस्टन आत आलेलं मिश्रण परत इनटेकमध्ये ढकलतो. कॅम पुढे घेतला, म्हणजे ॲडव्हान्स केला, की व्हॉल्व्ह लवकर मिटतो आणि खालचा जोर वाढतो. मागे टाकला, म्हणजे रिटार्ड केला, की वरचा वाढतो. दोन्ही टोकं एका दगडात मिळत नाहीत.

त्यातही आपल्या बहुतेक गाड्यांच्या हेडमध्ये एकच कॅमशाफ्ट. इनटेक हलवला की एक्झॉस्टही तेवढाच हलतो. पुढे घेतल्यावर एक्झॉस्ट लवकर उघडतो आणि पिस्टनला ढकलण्याचं काम पुरतं व्हायच्या आत थोडा दाब सायलेन्सरमधून निघून जातो. म्हणून ही गंमत दोन-चार अंशांचीच. फार तर सहा.

आणि इथेच गल्लीतलं ज्ञान आडवं येतं. ‘एक दात सरकवून दे’ हा सल्ला सर्रास ऐकू येतो. जरा हिशोब करू. कॅमच्या स्प्रॉकेटला समजा 32 दाते आहेत. एक दात म्हणजे कॅमचे सव्वाअकरा अंश, आणि कॅम निम्म्या वेगाने फिरतो म्हणून क्रँकचे साडेबावीस. हवे होते चार, हलले साडेबावीस. गाडी नीट सुरू झाली तरी नशीब. पुढे घेतला तर इनटेक व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतो, मागे टाकला तर एक्झॉस्ट. मधलं अंतर मिलिमीटरांत मोजायचं असतं. ते संपलं की व्हॉल्व्ह वाकतो, आणि मग हेड उतरवण्यापासून पिस्टनपर्यंतचा खर्च पोराच्या बापाच्या खिशातून जातो.

ज्याला हे काम खरंच येतं तो मिस्त्री लांबट भोकांचं स्प्रॉकेट लावतो, क्रँकवर अंशांची चकती बसवतो, पिस्टन वरच्या टोकाला नेमका कुठे थांबतो ते डायल गेजने काढतो. पिस्टनच्या माथ्यावर मुलांच्या खेळण्यातल्या मातीची चकती ठेवून हेड कसतो, पान्याने क्रँक दोनदा पूर्ण फिरवतो, हेड पुन्हा काढतो आणि व्हॉल्व्हने माती किती दाबली ते कापून मोजतो. यात अर्धा दिवस जातो. दहा मिनिटांत कॅम हलवून देणाऱ्याकडून गाडी परत घ्या.

आता कंपन्यांनी छापलेले आकडे पाहा. पल्सर एनएस 200 साडेचोवीस पीएस देते, पण 9,750 आरपीएमला. तिचा सगळ्यात जास्त टॉर्क 18.74 न्यूटन-मीटर, तो 8,000 ला. रॉयल एनफील्डची क्लासिक 350 पॉवरमध्ये तिच्या मागे आहे, 20.2 बीएचपी, पण 27 न्यूटन-मीटर टॉर्क 4,000 लाच हाती येतो. इंजिन मोठं आहे हे खरं, पण तेवढंच कारण नाही. एकीचा श्वास वरच्या फेऱ्यांसाठी बेतलाय, दुसरीचा खालच्या. आणि ज्या स्प्लेंडरला पोरं हसतात, तिचे जेमतेम 8 न्यूटन-मीटर 6,000 ला मिळतात. चौथ्या गिअरमध्ये, मागे बायको आणि मधे खताची थैली घेऊन ती वायगावहून येते, आणि कोणाकडे कॅमचं नाव काढत नाही.

कापसाच्या दिवसांत हिंगणघाटच्या रस्त्यावर पुढे ट्रॅक्टर-ट्रॉली असते, तिच्यामागे वीसच्या चालीने जायचं आणि फट दिसली की उचलायचं. तळेगावच्या सत्याग्रही घाटात ट्रकच्या मागून तिसऱ्या गिअरमध्ये गाडी ओढायची. या दोन्ही वेळी काटा तीन ते पाच हजारांत असतो. नऊ हजारांची मौज करायला एकच रस्ता बरा होता, समृद्धी. 11 डिसेंबर 2022 ला नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, येळाकेळीला आपल्याला चढ-उताराची सोय मिळाली, मोटारींना ताशी 120 ची मुभा आली. पण दुचाकीला तिथे बंदी आहे. म्हणजे ज्या वेगासाठी कॅम हलवायचा, त्या वेगाच्या रस्त्यावर ती गाडी जाऊच शकत नाही.

कोणी म्हणेल, कंपनीवाले दोन्ही जमवतात ते कसं? जमवतात, पण चालत्या गाडीत टायमिंग बदलून. यामाहाच्या आर-15 मध्ये इनटेकला दोन कॅम आहेत, खालच्या फेऱ्यांसाठी एक आणि 7,400 आरपीएमच्या पुढे दुसरा. ही कल्पना आपल्या जिल्ह्याला नवी नाही. पुलगाव-आर्वीच्या अडीच फुटी नॅरोगेज रुळांवर वाफेचं इंजिन धावायचं, तेव्हा ड्रायव्हरच्या हाताशी याच कामाचा लिव्हर असे. गाडी जागची हलवताना तो वाफ सिलिंडरमध्ये स्ट्रोकच्या पाऊण भागापर्यंत सोडायचा, गाडीने वेग धरला की लिव्हर मागे घेत ती पाव भागावर आणायचा. सुटताना जोर आणि धावताना काटकसर, दोन्ही एकाच मुठीत. आज आर-15 चं कॉम्प्युटर जे ठरवतं, त्याच जातीचा निर्णय तो कानाने घ्यायचा. आपली साधी मोटरसायकल ना आर-15 आहे, ना वाफेचं इंजिन. तिचा कॅम एकदा बसला की बसला, त्यामुळे एक बाजू निवडणं भाग आहे.

एक बाजू निवडून सुखी राहिलेलं इंजिन पाहायचं असेल तर जुन्या विहिरीवर जा. पुण्याच्या किर्लोस्करांचं पाच हॉर्सपॉवरचं ऑइल इंजिन 1,500 आरपीएमला चालायचं, दिवसभर, त्याच एका सुरात. त्याचा कॅम त्याच फेऱ्यांसाठी बेतलेला. त्याला टॉप नव्हता आणि कोणी मागितलाही नाही.

पोरांच्या तक्रारीत मात्र एक गोष्ट खरी असते. “आधीसारखी उचलत नाही जी,” असं ते म्हणतात, आणि गाडी खरंच उचलत नसते. चाळीस-पन्नास हजार किलोमीटर झालेल्या गाडीची टायमिंग चेन झिजून लांबते. क्रँककडून कॅमकडे ओढणारी बाजू लांबली की कॅम मागे पडतो. म्हणजे टायमिंग आपोआप रिटार्ड झालेलं असतं, आणि खालचा जोर गेलेला असतो. अशा गाडीचा कॅम वरच्या पॉवरसाठी आणखी मागे टाकायचा, हा तर उलटा न्याय झाला. चेन, टेन्शनर आणि टॅपेट, एवढं करा, पुष्कळ जोर परत येतो. खर्चही लांबट भोकांच्या स्प्रॉकेटपेक्षा कमी.

शिवाय ही तक्रार वाढते नेमकी एप्रिल-मे मध्ये. वर्ध्यात पारा 45 ला टेकला, की 15 अंशांच्या मानाने हवा नऊ टक्क्यांच्या आसपास विरळ झालेली असते. तेवढा जोर उन्हानेच खाल्लेला असतो, आणि तो कुठल्याही मिस्त्रीला परत आणता येत नाही.

एवढं सांगूनही ज्याला हात घालायचाच आहे, त्याने आधी चेनचं पुढचं स्प्रॉकेट एका दाताने लहान करून पाहावं. त्यात हेड उघडावं लागत नाही, इंजिनला धोका नाही, आणि पटलं नाही तर अर्ध्या तासात जुनं परत बसतं. टॉपला थोडी पडेल, ॲव्हरेजही किंचित घसरेल, पण ट्रॉलीच्या मागून उचलेल. त्यानेही भागलं नाही तर कॅम, आणि तोही पुढच्या दिशेने, तीन-चार अंश, माती दाबून मोजून. एक्झॉस्टच्या आवाजाने गल्ली हादरणार नाही, म्हणून पोरांना हे काम फिकं वाटेल. मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम मूळ गाडीत मनमानी बदल करू देत नाही हेही ध्यानात असू द्या, आणि काही हलवलंच असेल तर पीयूसीच्या मशीनसमोर गाडी एकदा उभी करून आकडा पाहून घ्या.