विश्लेषण : मोबाइलमधल्या नकाशात वावराची हद्द का सरकते?

खरिपाची पेरणी तोंडावर आली की वऱ्हाडात धुऱ्याची भांडणे डोके वर काढतात. पूर्वी अशा वेळी गावातली दोन-चार जुनी माणसे बोलावली जात, धुऱ्यावरचे बाभळीचे झाड किंवा गाडलेला दगड दाखवला जाई. आता आधी मोबाइल निघतो. उपग्रहाच्या चित्रावर गटाच्या रेषा चढवलेल्या असतात, आपण उभे आहोत तिथे निळा ठिपका दिसतो. ठिपका रेषेच्या अलीकडे-पलीकडे झाला की शेजाऱ्याने वावर दाबले, असा निकाल जागेवरच लागतो. ऑनलाइन नकाशा केवळ माहितीसाठी असतो, ही सूचना वाचण्याच्या मनःस्थितीत तेव्हा कोणी नसते.

हिवरखेड नेमके कोणते?

घोळ नावापासूनच सुरू होतो. अकोला जिल्ह्यात तेल्हारा तालुक्यात हिवरखेड आहे, अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात आहे आणि बुलढाण्यात खामगाव तालुक्यातही आहे. पाहुणा चुकीच्या हिवरखेडला पोहोचला तर त्याचा एक दिवस जातो. जमिनीच्या बाबतीत मात्र एकच गट क्रमांक तिन्ही गावांत असू शकतो. सरकारी संकेतस्थळ जिल्हा, तालुका, गाव अशा क्रमाने विचारते म्हणून तिथे चूक कमी होते. नुसत्या नावावर शोध घेणाऱ्या खासगी ॲपवर ती सहज होते.

रस्ता चुकला तर निदान लगेच कळते, कधी फार महागात पडून. जानेवारी २०२१मध्ये नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोतूळजवळ नकाशाच्या भरवशावर निघालेली मोटार धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर शिरली आणि एकाचा बुडून मृत्यू झाला. हद्दीची चूक अशी समोर येत नाही. ती वर्षानुवर्षे पडद्यावर राहते आणि बघता बघता दोन घरांचे बोलणे बंद करते.

या रेषा येतात कुठून?

१८५३मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला आणि १८६०च्या दशकात मुंबई पद्धतीची रयतवारी मोजणी इथे सुरू झाली. त्या पद्धतीत साखळी ३३ फुटांची. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, हे माप आजही चालते. शेताच्या मोजमापाचे टिपण व्हायचे आणि त्यावरून गावाचा नकाशा काढला जायचा. त्या काळाच्या मानाने ते काम थक्क करणारे होते. पण त्या नकाशाला अक्षांश-रेखांश नव्हते. प्रत्येक गाव आपापल्या कागदावर काढलेले.

पुढे हे कागद जीर्ण झाले, घड्यांवर फाटले, थोडे आकसले. मग ते स्कॅन झाले, रेषा संगणकावर गिरवल्या गेल्या आणि उपग्रहाच्या चित्रावर ताणून बसवल्या गेल्या. नदीचे वळण, रस्त्यांचा चौक, गावठाणाचा कोपरा अशा ओळखीच्या जागा जुळवायच्या आणि बाकीचे आपोआप बसेल असे मानायचे. नदीने पात्र बदललेले असेल, रस्ता रुंद झाला असेल तर सगळा गावच काही मीटर सरकतो. दोन गावांच्या शिवेवर तर कुठे रेषा एकमेकींवर चढतात, कुठे मध्ये फट राहते. त्या फटीतली जमीन पडद्यावर कोणाचीच नसते, प्रत्यक्षात तिथे कपाशी उभी असते.

उपग्रहाचे चित्रही जमिनीवर तंतोतंत बसलेले नसते. नवे चित्र आले की तीच विहीर थोडी बाजूला दिसू शकते.

फरक किती पडतो?

मोबाइलमधले जीपीएस मोकळ्या आकाशाखाली साधारण ४.९ मीटरच्या परिघात अचूक असते, असे अमेरिकी सरकारची जीपीएसविषयक अधिकृत माहिती सांगते. झाडाखाली, भिंतीशेजारी चूक वाढते. आता एक हेक्टरचे चौकोनी वावर धरा, प्रत्येक बाजू १०० मीटर. एका बाजूने पाच मीटरचा फरक म्हणजे ५०० चौरस मीटर, जवळपास पाच गुंठे. पाच गुंठ्यांसाठी आपल्याकडे कोर्टकचेऱ्या होतात. इथे तेवढी चूक फोन बिघडलेला नसतानाही होते, आणि त्यात नकाशाची स्वतःची चूक अजून मिळवायची आहे.

अशा रेषेवर विसंबून देशही भांडले आहेत. २०१०मध्ये निकाराग्वाचे लोक सान हुआन नदीतला गाळ काढताना कोस्टा रिका आपली म्हणते त्या जमिनीवर उतरले. कामाच्या प्रमुखाने गूगलच्या नकाशाकडे बोट दाखवले. आपल्या रेषेत तिथे २.७ किलोमीटरपर्यंत चूक असल्याचे गूगलने नंतर मान्य केले. वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, २०१५मध्ये निकाल लागला आणि वादग्रस्त जमीन कोस्टा रिकाची ठरली. त्यांच्याकडे जुने करार होते. हिवरखेडच्या शेतकऱ्याकडे टिपण आणि मोजणीची ‘क’ प्रत असते, तीही कार्यालयात अर्ज केल्यावर.

नुकसान कोणाचे?

‘नकाशावर विसंबू नका’ असे शेतकऱ्याला सांगणे सोपे आहे. अडचण अशी की सरकार स्वतःच त्यावर विसंबू लागले आहे. १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. २०२२च्या सुधारित ॲपमध्ये गटाचा मध्यबिंदू नकाशावरून घेतला गेला आणि पिकाचा फोटो काढणारा शेतकरी त्यापासून किती दूर आहे हे ॲप सांगू लागले. हेतू चांगला होता, घरबसल्या खोटी नोंद होऊ नये. पण गट लांबट असेल आणि त्यात चार भावांचे पोटहिस्से असतील तर टोकावरचा भाऊ स्वतःच्या तुरीत उभा राहूनही दूरचा ठरतो. सातबारा वेगळे झाले तरी पोटहिश्श्यांच्या रेषा नकाशावर चढलेल्या नाहीत, असे गट कमी नाहीत. नोंद अडली की पीकविमा, नुकसानभरपाई आणि हमीभावाने कापूस विकताना लागणारा पिकाचा पुरावा, सगळेच अडते.

तेल्हारा भागात आणखी एक कारण आहे. अकोला-खंडवा मीटरगेज मार्गाचे ब्रॉडगेज करताना मेळघाट व्याघ्र प्रकल्पाला वळसा घालून हिवरखेड, सोनाळा, जामोदकडून जाणारा मार्ग पुढे आला. रेल्वेची लाल रेघ आपल्या गटावरून जाते की शेजाऱ्याच्या, हे अशा वेळी मोबाइलवर पाहिले जाणारच. त्या रेघेच्या भरवशावर कोणी घाईने जमीन विकली तर ती परत मिळत नाही. मोबदला संयुक्त मोजणीवर ठरतो.

रोव्हर आले, मग प्रश्न सुटला का?

अर्धा सुटला. भूमी अभिलेख विभाग आता रोव्हरने मोजणी करतो. त्यासाठी राज्यात ७७ ठिकाणी कायमस्वरूपी संदर्भ केंद्रे उभारली असून त्यामुळे जागा काही सेंटीमीटरपर्यंत अचूक सांगता येते. पण रोव्हर सांगतो तो आपण कुठे उभे आहोत ते. हद्द कुठे आहे हे शेवटी जुने टिपण आणि नकाशाच सांगतात. त्यात खोट असेल तर चुकीची हद्द फक्त जास्त अचूकपणे दाखवली जाईल. शिवाय काळ्या जमिनीत दगड रुततात, नांगराच्या फाळाने धुरा दरवर्षी थोडा थोडा कोरला जातो. हद्दीच्या खुणा हलवणे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६नुसार दंडास पात्र असले तरी कोरलेल्या धुऱ्याला साक्षीदार मिळत नाही.

म्हणून आधी गावाचा नकाशा दुरुस्त व्हावा, मग त्यावर योजना टांगाव्यात. आज क्रम उलटा आहे. प्रत्येक गावाच्या ऑनलाइन नकाशावर ‘येथील रेषेत इतक्या मीटरचा फरक संभवतो’ एवढे ठळक लिहायला वेगळा निधी लागत नाही. ई-पीक पाहणीत मध्यबिंदूऐवजी संपूर्ण गटाची हद्द आणि भोवती थोडी सूट धरता येईल. फरक नकाशाच्या चुकीमुळे निघाला तर मोजणीचे शुल्क शेतकऱ्याकडून का घ्यावे, याचेही उत्तर विभागाने द्यायला हवे.

तोवर धुऱ्यावर वाद झालाच तर मोबाइलमधला स्क्रीनशॉट पुरावा म्हणून फारसा कामाचा नाही. तालुक्याच्या भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडे हद्दकायम मोजणीचा अर्ज करावा, लगतच्या खातेदारांना नोटीस गेली आहे ना ते पाहावे, मोजणीच्या दिवशी दोन्ही बाजूंनी वावरात हजर राहावे. निकाल पटला नाही तर निमताना मोजणी मागता येते. आणि पेरणी झाल्यावर अर्ज करण्यापेक्षा उन्हाळ्यात केलेला बरा, उभ्या पिकात खुणा सापडत नाहीत.